टाके वाढवणाऱ्या सुभेदारीणबाई

प्रिय ईशा आणि अन्वय,

परवा तुमच्या आईचा फोन आला. पार्सल पोचलं, चकल्या फारशा मोडल्या नाहीत, ईशाचा स्वेटर बाह्यांना अगदी बरोबर बसला, हे सगळं सांगून झाल्यावर ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली, "आई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेली होतीस गं?" तर मुलांनो, माझे डोळे ठणठणीत आहेत. स्वेटरचा गळा माझ्याकडून चुकून राहिलेला नाही. मी तो मुद्दाम ठेवला आहे. त्याचे टाके लाल दोऱ्यावर ओवून आणि उरलेल्या लोकरीचा लिंबाएवढा गुंडा तसाच लोंबता ठेवून मी तो पाठवला आहे. आईला म्हणावं, व्हिडिओ बघून तो पुरा करायला बसू नकोस. असं का, ते फोनवर सांगण्याजोगं नाही. त्यासाठी आधी तुमची सुभेदारीणबाईंशी ओळख व्हायला हवी.

सुभेदारीणबाईंइतकी घाबरट बाई साऱ्या सातारा जिल्ह्यात नव्हती. सांगली तर माझं माहेर, त्यामुळे तिथल्या बायकांचीही मी खात्री देते. सत्तर साली तुमच्या आजोबांची साताऱ्याला पाटबंधारे खात्यात बदली झाली आणि आम्ही एका दुमजली कौलारू घरात वर भाड्याने राहायला गेलो. खाली घरमालक, म्हणजे पेन्शनीत निघालेले सुभेदार आणि त्यांची बायको. साऱ्या आळीत त्यांना सुभेदारीणबाईच म्हणत. बाई उंच, हाडापेराने भक्कम, आवाज असा की परड्यातून हाक मारली तर चौकातली माणसं वळून बघत. आणि ही बाई टेलिफोनला भ्यायची, गॅसच्या शेगडीला भ्यायची, शिंकेला भ्यायची, घड्याळ बंद पडलं तर भ्यायची आणि पुन्हा सुरू झालं तर जास्तच भ्यायची. फक्त एकाच गोष्टीला भ्यायची नाही, ती म्हणजे नाग. कारण बाई मूळच्या शिराळ्याच्या. तिथे त्या काळी नागपंचमीला जिवंत नाग धरून आणून पुजत, आणि लहानपणी आपल्या भावाच्या पाठीमागे बांधाबांधाने हिंडून बाईंनी नाग शोधलेले होते. एकदा आमच्या सरपणात नाग निघाला. सारी आळी ओट्यांवर चढून ओरडत होती, आणि सुभेदारीणबाई मात्र हातात काठी आणि मडकं घेऊन, "आलास व्हय बाबा? चल, हितं पोरंबाळं हैत, तुला डोंगराकडं सोडते," असं म्हणत त्याला अलगद मडक्यात घालून किल्ल्याच्या पायथ्याशी सोडून आल्या. मी कौतुकाने सोबत गेले होते. परत येताना वळणावर समोरून पोस्टमन आला. नाग धरणारी ती बाई रिकामं मडकं पोटाशी धरून माझ्या पाठीमागे लपली. मी हसले, तेव्हा म्हणाल्या, "हसू नगा वैनी. नाग बिचारा फना काढून सांगून येतोय. तारवाला सांगून येतोय का?"

पोस्टमनची आणि तार आणणाऱ्याची खाकी एकच, म्हणून दोघांनाही त्या भ्यायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा आनंदा पलटणीत होता, एवढं कारण पुरेसं होतं.

कोयनेचा मोठा भूकंप होऊन तीनेक वर्षं झाली होती, पण जमीन अधूनमधून अंग झटकायची. त्यासाठी बाईंनी एक योजना केली होती. देवघराशेजारच्या फळीवर तांब्यावर तांब्या, त्यावर फुलपात्र, त्यावर वाटी आणि वाटीत चमचा असा मनोरा रचलेला असे. धक्का बसला की चमचा आधी वाजणार आणि सारे बाहेर पळणार. एका भर दुपारी चमचा वाजला. पाठोपाठ सगळा मनोराच खाली आला. आम्ही सगळे रस्त्यावर. सुभेदार अर्ध्या दाढीनिशी, गालाला साबण तसाच. भूकंप मिश्यांवर दूध लावून शांतपणे खिडकीतून निघून गेला. त्यानंतरही मनोरा राहिला, फक्त मांजराला घरात बंदी झाली. रोज संध्याकाळी तुमचे आजोबा कचेरीतून आले की बाई जिन्याखालून विचारायच्या, "भाऊ, धरान हाय न्हवं जाग्यावर?" आजोबा गंभीरपणे सांगायचे, "आहे." मग त्या दिवा लावायच्या.

अशा या बाईंच्या मनातून भीती निघून जायची ती फक्त थंडीत, हातात सुया असल्या की. दिवाळीचे आकाशकंदील उतरले की यवतेश्वराच्या डोंगरावरून सकाळचा गार वारा खाली यायचा, आणि त्या दिवशी बाई पत्र्याच्या पेटीतून लोकर काढायच्या. लोकरीच्या लडीचा गुंडा करायचा तर लडी कुणीतरी दोन्ही हातांवर ताणून धरावी लागते. हे काम सुभेदारांचं. लढाई पाहून आलेला तो माणूस बायकोपुढे दोन्ही हात वर करून तास तासभर बसायचा. "जिंदगीत शत्रूम्होरं हात वर केलं न्हाईत," ते मला सांगायचे, "हिच्याम्होरं दर हिवाळ्यात." मग ओट्यावर ऊन यायचं, सुपात भाजलेल्या शेंगा यायच्या, चहा यायचा आणि बाईंच्या सुया चालायला लागायच्या. त्यांना वेलबुट्टी, जाळी, वेण्या यातलं काही येत नव्हतं. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, बस्स. पण त्या सुयांचा बारीक टकटक आवाज, उन्हाने उबलेली लोकर आणि शेंगांचा वास यात काय सुख होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या वेळात कुणी शिंकलं तरी बाईंचं लक्ष नसे.

मी त्यांच्याकडेच विणायला शिकले. माझ्याजवळ एक इंग्रजी पुस्तक होतं, त्यात सुलट-उलटसाठी अक्षरं छापलेली. ती मी मोठ्याने वाचायची, "के टू, पी टू, के टू, पी टू." बाईंचा चेहरा उतरला. इकडे तिकडे बघत म्हणाल्या, "हळू वाचा वैनी. कुनी ऐकलं तर हेर म्हनून न्हेतील तुमास्नी." म्हणून मी पुस्तक मिटलं आणि बाई सांगतील तसं करू लागले.

तुमच्या आजोबांसाठी मफलर केला. तो पुरेसा लांब झाला तसं मी विचारलं, "आता काय करू?" बाई म्हणाल्या, "आता वाढवा." मी नीटनेटकी बाई. सांगितलं तसं करायचं, हा माझा स्वभाव. पुस्तकात टाके वाढवायची रीत होती, ती काढली आणि दर ओळीला टाके वाढवत गेले. दोन दिवसांत मफलरच्या टोकाला चांगला घेर आला. आजोबांनी तो गळ्यात घालून आरशात बघितलं आणि विचारलं, "याला खाली परकर का लावलाय?" मी तो घेऊन खाली गेले. बाई आधी बघतच राहिल्या, आणि मग ओट्यावर बसून इतक्या हसल्या की सुभेदार पाणी घेऊन आले. "आवं वैनी, वाढवा म्हंजी वाढवा! नारळ वाढवत्यात तसं!"

तुम्हाला हे समजावून सांगायला हवं. आपल्याकडे नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. दुकानदार संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटत नाही, वाढवते. जे संपतं, मोडतं, त्याला आपण उलटा, भरभराटीचा शब्द देतो, म्हणजे अशुभाचा उच्चार नको. विणकामात शेवटी टाके सुईवरून उतरवून बंद करतात, त्याला आम्ही सांगलीकडे टाके मिटवणं म्हणायचो. बाई त्याला टाके वाढवणं म्हणायच्या. मी सहज म्हटलं, "मग सरळ मिटवा म्हणायचं होतं की." त्यांनी लोकर धरलेला हात तसाच माझ्या तोंडावर ठेवला. हसू कुठल्या कुठे गेलं. "मिटवा म्हनू नगा. डोळं मिटत्यात मानसाचं."

मग त्यांनी सांगितलं. नाग शोधणारा तो भाऊही पलटणीत होता. पासष्टच्या लढाईआधी बाईंनी त्याच्यासाठी स्वेटर विणला. शेवटचा टाका मिटवला आणि हात झटकून म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं." स्वेटर पाठवला. पुढे भावाची ट्रंक घरी आली, त्यात तो स्वेटर होता. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. "म्याच म्हनले व्हते, झालं म्हनून," बाई म्हणाल्या आणि पुन्हा सुया चालवायला लागल्या. त्या वेळी त्यांच्या सुईवर आनंदाचाच स्वेटर होता, मेंदीच्या रंगाचा. पाठ, पोट, बाह्या सगळं झालं होतं. गळा राहिला होता, आणि तो आनंदा स्वतः समोर पाटावर बसल्याशिवाय पुरा व्हायचा नव्हता.

पुढच्या वर्षीची थंडी आली ती लढाईच्या बातम्या घेऊन. जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक गावातलं कुणी ना कुणी पलटणीत. रजेवर आलेल्यांना परत बोलावणी येऊ लागली. एका सकाळी आटपाडीकडचा एक जवान दारात उभा राहिला. आनंदाच्याच तुकडीतला, घरी पिढ्यान्पिढ्या मेंढरं. रजा अर्धी टाकून निघाला होता, दुपारच्या एस.टी.ने पुण्याला जायचं होतं. "मावशी, आनंदा बरा हाय," तो म्हणाला. "पर थंडी अशी हाय तिकडं, की कपात च्या ओतूस्तवर गार. त्यो म्हनला, आयेनं स्वेटर केलाय म्हनं, तर घेऊन ये."

बाईंनी पेटीतून स्वेटर काढला. चार सुयांवर गळ्याचे टाके होते. त्या तो मांडीवर घेऊन बसल्या आणि काहीच करेनात. चहा झाला, जेवण झालं. सुभेदार येरझारा घालत होते.

"आगं, पोरगं तिकडं कुडकुडतंय. इतकुसं काम हाय. कर की बंद!"

"बंद म्हनू नगा!"

"बरं, वाढीव. वाढीव गं बये! पर कायतरी कर!"

मीही बसले समजावायला. म्हटलं, स्वेटरचा आणि गोळीचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग असतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "वैनी, तुमी शिकलेल्या. तुमी म्हंताय ते खरंच आसंल. मग म्या गळा करते, अन तुमी मला लिवून द्या, आनंदा माघारी येतोय म्हनून." मला लिहून देता येईना. खाली पाहिलं तर बाईंच्या सुया एकमेकींवर आपटत होत्या, पण एकही टाका पडला नव्हता. पाठवला नाही तर पोरगा गारठणार, आणि पुरा करून पाठवला तर काय, ते त्यांच्या तोंडून निघत नव्हतं.

जवान बूट घालायला लागला तशा त्या ताडकन उठल्या. गोधडीचा लाल दोरा सुईत ओवला आणि एकेक टाका विणायच्या सुयांवरून दोऱ्यावर घेतला. दोऱ्याची गाठ मारली. लोकरही तोडली नाही. उरलेला गुंडा घट्ट गुंडाळून लिंबाएवढा केला आणि गळ्याशी कापडाची छोटी थैली शिवून तीत घातला.

जवानाने स्वेटर उलटसुलट करून बघितला. लोकर ओळखणारा माणूस तो. "आवं मावशी, बंदुकीसंगट ह्यो गुंडा बी वागवायचा व्हय त्येनं? आमी मेंढरू बी आसं दोरी लावून न्हेत न्हाई."

बाई म्हणाल्या, "दोरी लावलेलं जनावर सांजच्याला घरला येतं. जा, दे त्येला."

मग लढाई लागली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले. सुभेदारांनी रेडिओला कान लावायचा आणि बाईंनी त्यावर पंचा टाकायचा, म्हणजे वाईट बातमी आलीच तर निदान दबकत यावी. शेवटी शेवटी सुभेदार पंच्यात डोकं घालून बातम्या ऐकायचे. विमानं कोयनेवर येणार अशी आवई उठली होती, त्यामुळे "धरान हाय न्हवं?" हा प्रश्न आता आजोबांना सकाळी जातानाही ऐकावा लागे. विणायला बाईंकडे काही उरलं नव्हतं, तरी सुया थांबत नव्हत्या. वीतभर पट्टी विणायची आणि उसवायची. काय विणताय म्हटलं तर म्हणायच्या, "काय न्हाई. हात थरथरत्यात, त्येनला काम."

आणि एका दुपारी सायकल आमच्या दारात थांबली. "तार!"

बाई ओट्यावर होत्या. त्या आत पळाल्या आणि दार लावून पाठीने दाबून उभ्या राहिल्या, हे बाहेरून कळत होतं, कारण दार थडथडत होतं. सुभेदार पुढे झाले. तार हातात घेतली, पण उघडेनात. माझ्यापुढे धरली आणि हुकूम सोडला, "वाचा. मोठ्यानं वाचा." मी वाचली, "सन बॉर्न. बोथ वेल."

आतून किंकाळी आली. फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाच्या बायकोला 'सन' म्हणजे काय ते ठाऊक होतं. बाकीचं काही तिने ऐकलंच नाही. दार उघडून त्या बाहेर आल्या, चेहरा राखेसारखा. "पोरगा? माझा पोरगा?"

"तुमचा नाही हो! माझ्या भावाचा! सांगलीहून आहे! मुलगा झाला त्याला, जन्मला, जन्मला!"

त्यांनी माझे दोन्ही दंड धरले. "जन्मला? मेला न्हाई न्हवं कुनी?"

"कुणीही नाही."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. मग उठून साखरेचा डबा घेऊन आल्या आणि आळीभर माझ्या भाच्याची साखर वाटली. तारवाल्याच्या हातावर ओंजळभर ठेवली, पण त्याच्याकडे न बघता.

लढाई संपली. चौकात पेढे वाटले. बाईंनी घेतला नाही. घरोघर ख्यालीखुशालीची कार्डं येऊ लागली, आनंदाचं आलं नाही. मागच्या आळीतल्या एका घरातून एका सकाळी रडणं ऐकू आलं, आणि आता तिथे विचारायला जायची गरज नव्हती. त्या दिवशी मी खाली जाऊन बसले. ऊन ओट्यावरून उतरेपर्यंत आम्ही दोघी विणत होतो. बाईंची पट्टी उसवायची राहून गेली आणि त्यांच्या पायाशी वळवळत लांब होत गेली. मला पहिल्यांदा त्यांच्याइतकीच भीती वाटत होती. शिकलेल्या माणसाची भीती त्या दिवशी काही वेगळी नव्हती.

थंडी सरली. चैत्र आला. एका टळटळीत दुपारी आळीतली कुत्री भुंकायला लागली, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. त्या रणरणत्या उन्हात एक माणूस मेंदीच्या रंगाचा लोकरीचा स्वेटर घालून येत होता. घामाने निथळत होता. गळ्याशी लाल दोरा, दोऱ्याशी थैली.

"आई," आनंदा म्हणाला, "ह्यो घातला नसता तर तू मला घरात घेतलं नसतंस. सगळी पलटन इचारती, गळ्यात ताईत कसला म्हनून. आता तेवढा पुरा कर."

बाईंनी त्याला पाटावर बसवला. रडल्या वगैरे नाहीत. आधी चारी सुया आणल्या, टाके दोऱ्यावरून सुयांवर घेतले, आणि त्याच्या अंगावरच्या स्वेटरला फेर घालू लागल्या. एक फेर झाला, दोन झाले. आता वाढवणार, एवढ्यात थांबल्या. "परत जायाचं हाय न्हवं तुला?" "व्हय की. रजा संपली की." बाईंनी लाल दोरा मागवला.

तेव्हापासून हीच रीत पडली. आनंदा रजेवर आला की रोज थोडे फेर, आणि निघायच्या दिवशी टाके पुन्हा दोऱ्यावर. गुंडा संपत आला की नवी लोकर जोडायच्या. गोल गळ्याचा स्वेटर पुढच्या रजेला बंद गळ्याचा झाला, त्यापुढच्या रजेला हनुवटीशी आला, मग कानापर्यंत. सुभेदार म्हणायचे, "आता डोळ्याला दोन भोकं ठीव, म्हंजी झालं." आणि लगेच जीभ चावायचे. माझ्या मफलरला हसणाऱ्या बाईंनी शेवटी गळा वाढवला तो माझ्याच अर्थाने.

अठ्ठ्याहत्तरच्या थंडीत बाई गेल्या. ओट्यावर, उन्हात, हातात सुया होत्या. या वेळी तार आनंदाला गेली. दिवसकार्य झाल्यावर तो स्वेटर घेऊन वर आला. "काकी, आता तुमीच वाढवा ह्यो."

मी विचारलं, "कुठल्या अर्थाने रे?"

तो हसायला लागला, आणि हसता हसता माझ्या खुर्चीशी खाली बसून रडला. स्वेटर माझ्याकडे ठेवून तो परत पलटणीत गेल्यावर मी चार सुया घेतल्या आणि टाके त्यांवर घेतले. फक्त शेवटची ओळ राहिली होती. मग उठून बाईंच्या पेटीतला तोच लाल दोरा आणला.

आनंदा आता शिराळ्याला असतो. पेन्शनीत आला त्यालाही कितीतरी वर्षं झाली, गुडघे दुखतात. दर हिवाळ्यात त्याचा फोन येतो. "काकी, झाला का गळा?"

"नाही रे."

"मग म्या हाय अजून."

यंदाही आला होता. त्यानंतरच मी ईशाचा स्वेटर पार्सलात घातला. तुम्ही दोघं इकडे आलात, माझ्यासमोर पाटावर बसलात, की बघू.

आनंदाचा स्वेटर माझ्या लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ठेवला आहे. डाव्या बाहीला कसर लागली आहे. लाल दोरा विटून गुलाबी झाला आहे, पण टाके सगळे त्यावर आहेत.